दोन मुलाखती

त्या साली आमच्या घरातला आवाज गेला. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, चौसाळ्यात कपडे शिवायचे. बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत दोन खोल्या, पुढच्या खोलीत मशीन, मागच्या खोलीत आम्ही. दम्यामुळे त्यांना लहानपणापासूनच शेतातलं काम झेपेना, म्हणून आजोबांनी त्यांना एका मुसलमान मास्तरच्या हाताखाली बसवलं होतं. त्या मास्तरनं त्यांना असं तयार केलं की आसपासच्या गावांतल्या नवरदेवांचे कोट आमच्या घरातून जायचे. मी अभ्यास त्या मशीनच्या आवाजात केला, झोपलेही त्याच आवाजात. पाहुण्यांकडे राहायला गेलं की तिथल्या शांततेनं मला झोप लागायची नाही. मग लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाऊस गेला. आधी लग्नं पुढं ढकलली गेली, मग लोकांनी सणाचे कपडे सोडले, मग पोरांच्या शाळेच्या चड्ड्या सोडल्या. शेवटी शेवटी ठिगळ लावायलाही कुणी येईना, कारण ठिगळाला दुसरं धड फडकं लागतं. अण्णा तरीही रोज सकाळी तोंड धुऊन मशीनवर बसायचे. मधूनच, सुईखाली काही नसताना, पाय मारायचे. मशीन जाम होऊ नये म्हणून. माय आतून ओरडायची, "नका हो रिकामी चालवू. ऐकवत न्हाई."

माय आणि मी रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायचो. मी बारावी झालेली होते, पण खडीला त्याचं काय. दिवसभर हातोडीचा आवाज कानात बसायचा आणि घरी आल्यावर त्या गप्प मशीनपुढे तो जास्तच वाजायचा. संध्याकाळी चुलीवर हुलग्याच्या पिठाचं पातळ माडगं. धाकट्या दोघी बहिणी वाटीच्या तळाशी बोट फिरवून चाटायच्या आणि माय तिकडं पाठ करून बसायची. आता माझी सून तेच माडगं पौष्टिक म्हणून करते, वर तूप सोडते, नातवंडांना आग्रह करते. मी ताटावरून उठत नाही. पण दोन घोटांच्या पुढं ते माझ्या घशाखाली उतरत नाही, हेही खरं.

माझा मामा, मायचा धाकटा भाऊ, ऊसतोडीच्या टोळीचा मुकादम होता. पोळा झाला आणि तो आमच्याकडं आला. टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. नवरा तोडतो, बायको मोळी बांधते आणि वाहते. ज्याची बायको नाही तो अर्धा कोयता. मामाच्या टोळीत असा एक अर्धा कोयता होता, घाटाकडच्या गावचा, आणि दसऱ्यानंतर टोळी निघायच्या आत त्याला पुरा करायचा होता.

"पोरगं निर्व्यसनी हाय, हाताला लई चपळ," मामा म्हणाला. "शोभीचं उरकून टाकू."

"ती बारावी झालीय," माय म्हणाली.

"बारावी काय उकडून खायची का? आक्का, रागावू नको. तिकडं कारखान्यावर पानी हाय. पोरगी रोज आंघूळ तरी करंल. हितं काय हाय?"

त्याचं खोटं नव्हतं, हेच वाईट होतं. मामा काही दुष्ट माणूस नव्हता. बहिणीच्या घरातली चूल त्याला दिसत होती आणि त्याच्या हातात जे होतं ते तो देत होता. अण्णा मशीनवर बसून होते. त्यांच्या छातीतली शिट्टी तेवढी ऐकू येत होती. मी आतल्या खोलीत बसून माझ्या तळहातावरचे फोड बघत राहिले आणि मला पहिल्यांदा वाटलं की आपण कोणत्या तरी सामानासारख्या या घरात पडून आहोत, आणि गाडी दाराशी आली आहे.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी वाघमारे सिस्टर भाड्यानं राहायच्या. उपकेंद्रावरच्या नर्स. पांढरी साडी, मनगटावर गड्याचं घड्याळ आणि लेडीज सायकल. त्या सायकलवरून त्या वाड्यावस्त्यांवर जायच्या. स्वतःच्या पगारावर एकटी राहणारी दुसरी बाई मी तोवर पाहिली नव्हती. जन्माला येताना माझी सगळ्यांत धाकटी बहीण त्यांच्याच हातात आली होती, त्यामुळं आमच्या घरात त्यांचा शब्द चालायचा. त्यांनी एक दिवस रस्त्यात मला थांबवलं. आमच्या भागातल्या एका दूध संघाला बायकांच्या दूध सोसायट्यांसाठी पर्यवेक्षिका पाहिजे होती. बारावी पास, सायकल यायला पाहिजे. त्या संघाचं नाव मी इथं घेत नाही. तो आता राहिलेलाही नाही.

"सायकल येती का तुला?"

"न्हाई."

"मग उद्यापासनं ये."

गावाबाहेरचं तळं त्या वर्षी पूर्ण आटलं होतं. आटलेल्या तळ्याइतकी सपाट जागा आमच्या भागात दुसरी नव्हती. खडीवरून आल्यावर, दिवस मावळायच्या आत, मी तिथं सायकल शिकले. गाळ वाळून त्याच्या खपल्या झाल्या होत्या, चाकाखाली त्या करकर मोडायच्या. मी पडले की सिस्टर उचलायला यायच्या नाहीत. लांबूनच म्हणायच्या, "हाड मोडलं का? न्हाई ना? मग बस पुन्हा." कोपरं सोलली, गुडघे सुजले. ज्या जागी लहानपणी आम्ही म्हशींच्या पाठीवर बसून डुंबलो होतो, तिथं मी गोल गोल सायकल फिरवत होते, आणि रडत होते, आणि वाऱ्यानं ते आपोआप वाळत होतं.

खरी शिकवणी मात्र सिस्टरांच्या खोलीत व्हायची. त्या लोखंडी खाटेवर साहेब होऊन बसायच्या आणि मी दाराबाहेर उभी राहायची. "आत येऊ का?" म्हणून यायचं, बस म्हटल्याशिवाय बसायचं नाही, बसल्यावर पदराशी चाळा करायचा नाही. त्या दुधातल्या फॅटबद्दल विचारायच्या, सोसायटी कशी चालते ते विचारायच्या; ते सगळं मी गावातल्या डेअरीवर उभी राहून, आणि त्यांनी आणून दिलेल्या पुस्तिकेतून पाठ केलं होतं. पण त्यांनी "घरची परिस्थिती काय?" असं विचारलं की मी अडकायची. अण्णांचा दमा, रिकामी मशीन, मामा, सगळं एकदम तोंडात यायचं.

"बाहेर जा. पुन्हा ये," सिस्टर म्हणायच्या.

मी पुन्हा आत जायची, पुन्हा तिथंच अडकायची. शेवटी त्या खाटेवरून उठल्या. माझ्या खांद्याला धरून म्हणाल्या, "हे बघ शोभा. दुष्काळ सांगायचा न्हाई. बाहेर बाकावर ज्या पोरी बसलेल्या असतील, त्या सगळ्यांच्या घरी दुष्काळ हाय. रडून नोकरी मिळत असती तर अख्खा जिल्हा सायब झाला असता. तुला काय येतं तेवढं सांग."

"आन् न्हाई झालं तर?"

सिस्टरांनी स्टोव्ह पेटवला. त्यांनी मला काळा चहा करून दिला आणि स्वतःची एक निळी साडी काढून ठेवली. त्या साडीवरचा ब्लाउज मला फार मोठा होत होता. तो उसवून अण्णांनी मला बसेल असा केला. माप घेतलं नाही, नुसतं एकदा बघितलं. कितीतरी दिवसांनी त्या सुईखाली कापड होतं. ब्लाउज हातात देताना ते एवढंच म्हणाले, "काखेत ढिला ठिवलाय. सायकल चालवायला बरा."

तोवर मला वाटत होतं की अण्णांना या सगळ्याची खबरच नाही.

मुलाखतीच्या दिवशी एसटीनं बीडला गेले. संघाच्या आवारात आंबूस वास होता आणि ॲल्युमिनियमच्या कॅनचा खणखणाट. व्हरांड्यात बाकावर पोरीच पोरी. कुणाच्या बरोबर भाऊ, कुणाचे वडील. एक जीपमधून उतरली, तिच्याशी कचेरीतला शिपाई हसून बोलला, आणि बाकावरच्या आम्ही सगळ्या एकदम गप्प झालो. आधी सायकलची परीक्षा होती. आवारात सायकल आणून उभी केली. ती गड्याची सायकल होती. मधे आडवी दांडी. मी आजवर सिस्टरांच्या लेडीज सायकलीशिवाय दुसरीला हात लावला नव्हता. माझ्या आधीच्या दोघींनी सायकल हातात धरून "ही येत नाही" म्हणून सांगितलं आणि त्या बाजूला झाल्या. जीपमधल्या मुलीला कुणी बोलावलंच नाही.

मी सायकल ढकलत ओट्यापाशी नेली. ओट्यावर चढले, साडीचा काचा मारला आणि सगळ्या पुरुषांच्या देखत दांडीवरून पाय टाकला. मायनं पाहिलं असतं तर तिनं तोंड झाकून घेतलं असतं. सायकल निघाली. आवाराला एक चक्कर झाली, पण थांबायचं कसं ते सुचेना, कारण पाय जमिनीला पुरत नव्हते. दुसरी चक्कर झाली. तिसऱ्या चक्करला मी सरळ रिकाम्या कॅनच्या उतरंडीला जाऊन धरलं. वरचे कॅन जे गडगडले, त्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. अख्खं आवार हसत होतं. मी कॅन एक एक करून पुन्हा रचले आणि तशीच, घामेजलेली, आत गेले.

आत तिघं होते. पांढऱ्या टोपीतले चेअरमन, मॅनेजर, आणि जनावरांचे एक म्हातारे डॉक्टर. चेअरमन अजून हसतच होते.

"ब्रेक लावता येत न्हाई का गं?"

"साहेब, मी तळ्यात शिकले. तिथं ब्रेकची गरज पडत नव्हती."

"तळ्यात?"

"आमचं तळं आता सायकललाच बरं हाय, साहेब."

डॉक्टरांनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. त्यांनी दुधाचं विचारलं, फॅटचं विचारलं, म्हशीच्या आणि गाईच्या दुधातला फरक विचारला. ते मला येत होतं, मी सांगितलं. आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की आपला आवाज कापत नाही. मॅनेजर म्हणाले, "एखादी म्हातारी दुधात पाणी घालून आली. रांगेत बाकीच्या बायका हायेत. काय करशील?"

"या साली पाणी घालायला आणणार कुठून, साहेब? पाण्यापरीस दूध स्वस्त पडंल."

आता डॉक्टरही हसले. मॅनेजर मात्र म्हणाले, "मजाक सोड. घातलंच समज."

"तिचं दूध कॅनमध्ये ओतणार नाही. पण रांगेत बोलणारही नाही. तिला बाजूला घेऊन परत देईन आणि दुसऱ्या दिवशी तिच्या घरी जाईन. चारचौघींत बोलले तर ती दूध आणायचंच बंद करेल. मग तिचंही गेलं आणि सोसायटीचंही."

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग चेअरमननी तो प्रश्न विचारला जो सगळ्याच मुलींना विचारत होते. "आमी तुला शिकवायचं, आन् तू लगीन करून जायचं. मग?"

यावर सिस्टरांनी एक उत्तर पाठ करून घेतलं होतं, पाच वर्षं लग्न करणार नाही असं काहीतरी. ते माझ्या तोंडून निघेना. मी म्हणाले, "साहेब, नोकरी लागली तर लग्न कधी करायचं ते मला ठरवता येईल. नाही लागली तर दुसरे ठरवतील."

"घरची परिस्थिती काय?" डॉक्टरांनी हळूच विचारलं.

"बाहेर बाकावर बसल्यात त्या सगळ्यांची हाय, तीच."

"जा तू. कळवू," चेअरमन म्हणाले. ते आता हसत नव्हते.

मी बाहेर आले ती हवेतच. पुढं आयुष्यात मी कितीतरी माणसांसमोर बोलले, अधिकाऱ्यांना सुनावलं, पण त्या दिवसासारखं आपलं आपल्याला आवडणं पुन्हा फार वेळा झालं नाही. परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसून दोन्ही बाजूची काळीभोर, ओसाड रानं बघत होते आणि मला ती सुंदर वाटत होती.

मग काहीच आलं नाही. पितर झाले, घट बसले. पोस्टमन गल्लीतून जायचा आणि मी हातातलं काम सोडून दारात यायची. काही दिवसांनी तो मला बघून आधीच मान हलवायला लागला. मी खडी फोडत राहिले. आणि घटाच्याच दिवसांत मामा पाहुणे घेऊन आला. मुलाचे वडील, आत्या आणि तो मुलगा. मला त्यांच्यासमोर सतरंजीवर बसवलं. ही माझी दुसरी मुलाखत, आणि हिच्यात मी नापास व्हायचं ठरवलं होतं.

प्रश्न आत्या विचारत होती. "पहाटं उठती का?"

"न्हाई. ऊन वर आल्याबिगर जाग येत न्हाई."

"येती, येती. फडावर पाचटाच्या कोपीत थंडी आशी वाजती, की आपूआप येती. मोळी उचलशील का डोक्यावर?"

"मान धरती माझी."

"सुरवातीला समद्यांचीच धरती. सैपाक?"

"करपतो."

"आमाला कुठं पंगत वाढायचीय?" आत्या हसली, मामा हसला. मुलाचे वडील म्हणाले, "शिकलेली हाय. चांगलंय. हिशेब ध्यानात ठिवील." झालं, मी पास झाले. तिथं नापास होताच येत नव्हतं. हातपाय धड असले की बास होतं.

तो मुलगा सबंध वेळ खाली बघत होता. त्याच्या हातांवर उसाच्या पाचटानं कापलेल्या बारीक पांढऱ्या रेघा होत्या. निघताना सगळे पुढं गेले आणि तो चप्पल घालायच्या निमित्तानं मागं थांबला. माझ्याकडं न बघता म्हणाला, "न्हाई म्हनायचं आसंल तर तुमच्या बापाला म्हनायला लावा. मला न्हाई म्हनता यायचं न्हाई."

मी अण्णांपुढं जाऊन बसले. म्हणाले, "अण्णा, त्यायला न्हाई म्हना."

अण्णा मशीनच्या चाकावर हात ठेवून बसले होते. बराच वेळ श्वास ओढत राहिले. मग म्हणाले, "कशाच्या जोरावर म्हनू बाई?"

त्यांच्या आवाजात राग असता तर मी भांडले असते. राग नव्हता. मी उठले, मायला सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी खडीवर जायच्या ऐवजी बीडची एसटी धरली.

कचेरीत डॉक्टर एकटेच भेटले. मला बघून त्यांनी चष्मा काढला, पुन्हा घातला. "पोरी, मुलाखत तुझीच सगळ्यांत चांगली झाली. आमच्यात दुमत नव्हतं. पण जागा दुसऱ्या मुलीला दिली."

"कावून?" 'का' विचारताना इतके दिवस घासून शुद्ध केलेली माझी सगळी भाषा गळून पडली.

"त्याला काय उत्तर असतं?"

कुठल्या मुलीला ते मी विचारलं नाही, ते मला माहीत होतं. मी उठायला पाहिजे होतं. पण उठून कुठं जायचं? दाराबाहेर एसटी होती, एसटीच्या पलीकडं घर, घरात ती सतरंजी. मी खुर्चीच्या दांड्या धरून बसून राहिले. म्हणाले, "मग दुसरं काम द्या."

"दुसरी जागा नाही."

"जागा नका देऊ. काम द्या. बाहेर कॅन धुवायला माणूस पुरंना झालाय, दोनदा ओरडला तिथला गडी. मी धुते."

"बारावी झालेली मुलगी कॅन धुणार?"

"खडी फोडायलेच की, साहेब."

डॉक्टर उठून खिडकीशी गेले. परत आले तेव्हा त्यांनी कुणालातरी हाक मारली. मांजरसुंब्याला संघाचं दूध थंड करायचं केंद्र होतं. तिथं कॅन धुवायला आणि दुधाचे नमुने काढायला रोजंदारीवर बाई चालेल का, असं त्यांनी विचारलं. त्या माणसानं मला वरखाली बघितलं आणि मान डोलावली. "उद्यापासून जा," डॉक्टर म्हणाले. "पण हे काही कायम नव्हे, बरं का. उद्या बंदही करतील."

मामा लग्नाचं पक्कं करायला आला तेव्हा अण्णा मशीनवरून उठून दारात गेले. एरवी ते बसूनच बोलायचे, उभं राहून बोललं की त्यांना धाप लागायची.

"जमायचं न्हाई," ते म्हणाले.

"दाजी, रोजंदारीच्या भरवशावर पोरगी घरात ठिवताव का?"

"हाव."

"उद्या काम बंद झालं मंजी?"

"तवा बघू," अण्णा म्हणाले आणि त्यांना खोकल्याची उबळ आली. मामा चहा न घेता गेला. पुढं दोन दिवाळ्या तो आमच्याकडं आला नाही. भाऊबीजेला माय ताट करून ठेवायची आणि संध्याकाळी झाकून टाकायची.

दसऱ्यानंतर टोळ्यांचे ट्रक निघाले. ते मांजरसुंब्याला थांबायचे, ढाब्यावर ड्रायव्हर जेवायचे. एका दुपारी मी केंद्राच्या मागं कॅन धूत होते. आमच्याकडं धुण्यासाठी टँकर यायचा, तेवढं पाणी होतं. एक मुलगी कळशी घेऊन कुंपणाशी आली. माझ्याहून लहान असेल. नवं लुगडं, हिरवा चुडा, आणि नखांच्या कडेला हळदीचा पिवळा रंग अजून गेलेला नव्हता. तिच्या मागं, ट्रकच्या फाळक्याला टेकून, तो मला बघायला आलेला मुलगा उभा होता. त्यानं मला पाहिलं आणि तोंड दुसरीकडं फिरवलं.

मी तिची कळशी भरली. ती आधी ओंजळीनं प्यायली, मग तोंडावर पाणी मारलं आणि चोरी केल्यासारखी हसली.

"ताई, तुमी हितं नोकरीला हाव का?"

"हो."

"पक्की हाय का?"

"न्हाई. रोजानं. कधीबी बंद करतेन म्हनतेत."

तिनं कळशी कमरेवर घेतली आणि एकदा त्या केंद्राच्या पत्र्याकडं, ओल्या फरशीकडं, रचलेल्या कॅनकडं नीट पाहून घेतलं.

"तरीबी सोडू नका," ती म्हणाली.

ट्रकनं हॉर्न दिला. तिची कळशी आधी वर घेतली, मग तिला हाताला धरून ओढून घेतलं, आणि ती बोचकी-भांड्यांच्या मधे कुठं बसली ते मला दिसलं नाही. तिचं नाव मी विचारलं नव्हतं. संध्याकाळच्या दुधाची वेळ होत आली होती, आणि धुवायचे कॅन अजून बरेच होते.